घरातला पडदा आणि स्वराज्याची लढाई

(कर्वेनगर येथे कुटुंबांसाठी झालेल्या एका कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



निमंत्रण देणाऱ्यांनी मला विषय सांगितला तो असा : ‘ऐतिहासिक युद्धपट मुलांना घरी दाखवायचे, तर कोणती प्रत निवडावी?’ विषय ऐकून प्रथम मी थोडा हिरमुसलो. ज्याने आयुष्यभर वर्तमानपत्रात लिहिले आणि ज्याची पदवी कला शाखेची, त्याने सीडी-डीव्हीडीच्या गुणदोषांवर काय बोलावे! मग आपल्याच भागातील एका गृहरचना संस्थेत शिवजयंतीच्या संध्याकाळी घडलेला प्रसंग आठवला आणि मी होकार दिला.

त्या संध्याकाळी खाली वाहनतळात पांढरी चादर बांधून भालजी पेंढारकरांचा एक शिवकालीन चित्रपट दाखवायचे ठरले होते. साठ-सत्तर मुले सतरंजीवर बसली होती. चित्रपट सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला मुले हसू लागली. घोडे लांबोडके, मावळे बुटके आणि ढेरपोटे, महाराजांचा चेहरा दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखा. एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “हे तर कार्टून आहे!” पुढच्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध आजींनी हा चित्रपट तरुणपणी कोल्हापुरात पाहिला होता. त्या काही न बोलता उठून घरी गेल्या. मुलांना दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. त्यांनी जे पाहिले ते हास्यास्पदच होते.

दोष तबकडीचाही नव्हता, हे मला नंतर कळले. जुना चित्रपट साधारण चौकोनी असतो. रुंदी आणि उंची यांचे प्रमाण चारास तीन, किंवा त्याहून किंचित अधिक. आजचे यंत्र सोळास नऊ प्रमाणाचे. यंत्राला ‘पडदा पूर्ण भर’ अशी आज्ञा दिलेली असली, की ते बिचारे चित्र आडवे ताणते आणि पडद्यावरचा प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. रिमोटवरचे एक बटण दाबले असते, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या असत्या आणि महाराज महाराजांसारखे दिसले असते. ते बटण दाबायचे असते हे आम्हा दहा-बारा सुशिक्षित माणसांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. सांगायला लाज वाटते, त्यांत मीही होतो.

काही निर्माते तर हा प्रश्न आणखी वाईट रीतीने ‘सोडवतात’. ते चित्र ताणत नाहीत. वरून आणि खालून कापतात. मग पडदा भरतो, कोणी बुटका दिसत नाही, गिऱ्हाईक खूश. पण मूळ चौकटीचा जवळजवळ पाव भाग गेलेला असतो. जिरेटोपाचा शेंडा जातो, घोड्याचे खूर जातात, बुरुजावरचे निशाण जाते. युद्धपटाच्या दिग्दर्शकाने वर गड आणि खाली सैन्य अशी चौकट रचलेली असते. तुम्ही गड काढून टाकलात तर खालचे सैन्य नेमके कोठे चालले आहे? म्हणून काळ्या पट्ट्या दिसल्या की नाराज होऊ नका. जुन्या चित्रपटाच्या दोन बाजूंच्या काळ्या पट्ट्या हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय या तबकड्यांचे मोल कळणार नाही. मराठी युद्धपटाची परंपरा चित्रपटाच्या शोधाला फार मागे सोडून सुरू झालेली नाही. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून. रात्रीचा हल्ला दाखवायचा म्हणून त्यांनी विजेच्या दिव्यांवर चित्रीकरण केले. त्या काळात हे धाडस होते. त्यात शेलारमामाची भूमिका करणारा तरुण म्हणजे व्ही. शांताराम. पुढे ‘प्रभात’ने १९३० साली ‘उदयकाल’ काढला आणि १९३३ साली बोलका ‘सिंहगड’. यांपैकी पेंटरांचा ‘सिंहगड’ आज कोणालाही पाहता येत नाही. त्याची प्रतच उरलेली नाही. मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच पुरे शिल्लक आहेत. स्वतः दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सगळी रिळे आपल्याकडे नाहीत. तानाजींच्या बलिदानावर आपण पोवाडे रचले, धडे लिहिले, पुतळे उभारले; त्यांच्यावरचा पहिला चित्रपट मात्र आपल्याला सांभाळता आला नाही.

भालजींची कथा तर अधिकच हृदयद्रावक. प्रखर हिंदुत्वनिष्ठ असा हा माणूस. १९४८ साली गांधीहत्येनंतर जो वणवा महाराष्ट्रात पेटला, त्यात कोल्हापूरचा त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. चित्रीकरण झालेली रिळेही त्या आगीत गेली. दुसरा कोणी असता तर हाय खाऊन बसला असता. भालजी पुन्हा उभे राहिले आणि राखेतून अवघ्या चार वर्षांत, १९५२ साली, त्यांनी ‘छत्रपती शिवाजी’ मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत पडद्यावर आणला. चंद्रकांत मांढरे महाराज झाले, पृथ्वीराज कपूर मिर्झाराजे जयसिंह. १९५६ साली ‘पावनखिंड’, १९६३ साली ‘मोहित्यांची मंजुळा’, १९६४ साली ‘मराठा तितुका मेळवावा’. शेवटच्या दोहोंचे संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे स्वतः लता मंगेशकर. १९९१ सालचा फाळके पुरस्कार भालजींना मिळाला आणि १९९४ साली ते गेले. संगणकाची जादू त्यांच्याजवळ नव्हती. पडद्यावर शंभर घोडे दिसावेत असे वाटले तर शंभर घोडे खरोखर उभे करावे लागत, त्यांना चारा घालावा लागे आणि त्यांच्यावर बसू शकणारी माणसे शोधावी लागत. आजचे ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’, ‘तान्हाजी’, ‘छावा’ मुलांनी जरूर पाहावेत. मीही पाहिले, काही ठिकाणी डोळे ओले झाले. तरी खऱ्या घोड्याच्या टापांखालून उडणारी खरी धूळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती पाहायची तर प्रत चांगली हवी.

चांगली म्हणजे काय? येथे थोडे आकडे सहन करा. दोन हजार सालच्या आसपास आपण सगळ्यांनी ज्या व्हिडिओ सीडी घेतल्या, त्यांच्या एका चित्रात आडवे ३५२ आणि उभे २८८ असे सुमारे एक लाख बिंदू असत. डीव्हीडीत ते चार लाखांवर गेले. ब्लू-रे मध्ये वीस लाख. आणि ३५ मिलिमीटरच्या मूळ निगेटिव्हवरून आज जे उत्तम क्रमवीक्षण करतात, त्यात जवळजवळ एक कोटी. आता डेव्हिड लीनच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तला तो प्रसिद्ध प्रसंग आठवा. वाळवंटाच्या क्षितिजावर एक ठिपका दिसतो, तो हळूहळू मोठा होत जातो आणि शेवटी उंटावरचा ओमर शरीफ समोर येऊन उभा राहतो. सीडीवर पाहा : ठिपकाच नाही. बराच वेळ रिकामे वाळवंट आणि मग अचानक उंट! दिग्दर्शकाने जे भय बांधत आणले ते एक लाख बिंदूंच्या जाळीतून गळून गेले. आपल्याकडे हेच मशालींचे होते. रात्री दूरवर डोंगराच्या सोंडेवरून चढणाऱ्या मशाली म्हणजे शिवकालीन चित्रपटाचा प्राण. सीडीवर तेथे काळपट चौकोन थरथरताना दिसतात.

पण बिंदू वाढले म्हणजे चित्र सुधारले, असे समजू नका. खरा प्रश्न आहे, तबकडी कशावरून केली? मूळ निगेटिव्हवरून, तिच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून, की गावोगाव जत्रेत तंबूत फिरून आलेल्या प्रिंटवरून? तंबूतल्या प्रिंटला पावसासारख्या उभ्या रेघा असतात. रीळ संपते तेथे सुरुवातीचे आणि शेवटचे काही फूट तुटलेले असतात, म्हणून दर दहा-अकरा मिनिटांनी एखादे वाक्य अर्धेच ऐकू येते. अशा प्रिंटवरून ब्लू-रे केली तरी वीस लाख बिंदूंमधून रेघाच पाहायला मिळणार. वेष्टनावर मात्र सोनेरी अक्षरांत ‘डिजिटली रिमास्टर्ड’. हे दोन शब्द छापायला कोणाची परवानगी लागत नाही.

मग सामान्य गिऱ्हाइकाने ओळखावे कसे? एक साधी युक्ती सांगतो, तिला गणितापुरते पाचवीचे ज्ञान पुरे. चित्रपटाच्या आरंभी परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र येते. ते आपण कंटाळून पुढे ढकलतो. तेथे थांबा. त्यावर चित्रपटाची लांबी लिहिलेली असते, जुन्या काळी फुटांत, नंतर मीटरमध्ये. ३५ मिलिमीटरची फीत मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. समजा प्रमाणपत्रावर १३,५०० फूट आहेत, तर चित्रपट १५० मिनिटांचा असला पाहिजे. यात एक सवलत द्यावी लागते. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांनी धावतो, पण आपल्याकडची पाल पद्धत पंचवीसची. त्यामुळे अशा तबकडीवर तो चार टक्के लवकर संपतो. १५० चे १४४ होतात. तेवढे क्षम्य आहे. पण तबकडी १२५ मिनिटांतच आटोपली, तर वीस मिनिटांचा चित्रपट कोणीतरी गिळला आहे. मी माझ्या कपाटातील काही तबकड्यांचा असा हिशेब केला. एका चित्रपटाचे तर चक्क एक रीळच नव्हते. दोन तबकड्यांत मावावा म्हणून कापला, की मुळातल्या प्रिंटमध्येच नव्हते, हे कळायला मार्ग नाही. वेष्टनावरच्या पत्त्यावर पत्र पाठवले. उत्तर आले नाही.

या चार टक्क्यांचा आणखी एक परिणाम पेटीवाल्यांना लगेच कळेल. वेग वाढला की सूर चढतो, जवळपास अर्ध्या सुराइतका. ‘मराठा तितुका मेळवावा’मधली गाणी ध्वनिमुद्रिकेवर ऐका, तीच पाल तबकडीवर ऐका आणि पेटी घेऊन बसा. पट्टी जुळणार नाही. आवाजाच्या बाबतीत मी याहून अधिक कडक आहे. भालजींचे चित्रपट हे अर्धे संवादांचे चित्रपट आहेत. त्यांचा मराठी गद्यावरचा हात असा, की सरदाराच्या तोंडी एक वाक्य आले की त्याचे कूळ, गाव आणि स्वभाव कळावा. जुन्या ध्वनिपट्टीला खरखर असते. ती काढण्याचे यंत्र सरसकट फिरवले, की खरखरीबरोबर ‘स’, ‘श’, ‘ष’, ‘च’ ही अक्षरेही पुसट होतात. सरदार पाण्याखालून बोलल्यासारखा बोलतो. मला विचाराल तर थोडी खरखर असलेली प्रत घ्या. कान दहा मिनिटांत तिला सरावतात. पुसलेली व्यंजने मात्र परत येत नाहीत.

रंगांबद्दल मला नेहमी विचारले जाते : “मुले कृष्णधवल पाहत नाहीत हो, रंगीत करून मिळेल का?” २००४ साली ‘मुघल-ए-आझम’ संपूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हापासून हा मोह वाढला. कृष्णधवल चित्रपटात प्रकाशचित्रकाराने रंग विसरून छायेचा विचार केलेला असतो. त्यावर नंतर रंग फासणे म्हणजे दगडी मंदिराला ऑइल पेंट लावणे. आणि तेही आपण करतोच म्हणा. चेतन आनंदांचा ‘हकीकत’ पाहा. १९६२ च्या जखमेवरचा, १९६४ साली आलेला, लडाखमध्ये चित्रित झालेला चित्रपट. त्यातले बर्फ, त्यावरची जवानांची काळी आकृती आणि मागचे करडे आकाश या तीन छटा वेगवेगळ्या दिसल्या तर प्रत चांगली. बर्फ आणि आकाश एकच पांढरा पत्रा झाला तर प्रत परत करावी. या चित्रपटाला रंगाची नाही, करड्याच्या चाळीस छटांची गरज आहे.

आणि दैवाचा विनोद पाहा. सोहराब मोदींनी १९५३ साली ‘झाँसी की रानी’ काढला, तो टेक्निकलरमधला भारतातला पहिला चित्रपट. ‘गॉन विथ द विंड’च्या छायाचित्रकारांपैकी अर्नेस्ट हॅलर यांना अमेरिकेतून बोलावले, पाण्यासारखा पैसा ओतला आणि चित्रपट आपटला. आज आपल्या बाजारात या हिंदी चित्रपटाच्या ज्या तबकड्या आल्या त्या कृष्णधवल! रंग टिकले ते परदेशासाठी केलेल्या इंग्रजी आवृत्तीत. म्हणजे जो चित्रपट मुळात बहुतांशी बिनरंगी होता त्याला आपण कोट्यवधी खर्चून रंग दिले आणि १८५७ च्या रणरागिणीवरचा चित्रपट रंगीत होता तो बिनरंगी करून विकला. ‘झाँसी की रानी’ची तबकडी हाती आली तर मुलांना आधी हे सांगा, मग ती लावा.

परदेशात हे काम कसे चालते? ‘लॉरेन्स’ प्रदर्शित झाल्यावर कापला गेला होता. रॉबर्ट हॅरिस यांनी तुकडे शोधून १९८९ साली तो पुन्हा जोडला. काही तुकड्यांचा आवाजच नव्हता, तर पीटर ओ’टूल आणि अॅलेक गिनेस यांना सत्तावीस वर्षांनी बोलावून तेच संवाद पुन्हा म्हणवून घेतले. आबेल गान्स यांच्या १९२७ च्या ‘नेपोलियन’ची गोष्ट तर आपल्यासारख्या सामान्य माणसांनी जिभेवर ठेवावी अशी. लंडनमधला केविन ब्राउनलो हा शाळकरी मुलगा. त्याच्या हाती घरगुती यंत्रावर दाखवायच्या अरुंद फितीची दोन रिळे आली. त्याला वाटले, याचे उरलेले कोठे असेल? तो शोध त्याने आयुष्यभर केला आणि साडेपाच तासांचा चित्रपट उभा राहिला. २०१६ साली तो घरगुती तबकडीवर आला. सुरुवात कोठून झाली? घरातल्या रिळापासून.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालापासून आपल्या पुण्यातच आहे, विधी महाविद्यालय रस्त्यावर. त्याची दुसरी वास्तू तर कोथरूडमध्ये, येथून हाकेच्या अंतरावर. पी. के. नायर यांनी रद्दीवाले, तबेले आणि निर्मात्यांची अडगळ धुंडाळून फिती गोळा केल्या. नायर केरळचे, पण मराठी मूकपटांचे जे चार तुकडे उरले त्यांचे ऋण मराठी माणसाने त्या मल्याळी माणसाला मानले पाहिजे. २००३ च्या जानेवारीत जुन्या प्रभातच्या आवारातील साठवणघराला आग लागून नायट्रेटची हजारो रिळे भस्मसात झाली, हेही याच शहराने पाहिले. पुढे राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली जुन्या चित्रपटांची पुनःस्थापना हाती घेतली गेली. २०२२ साली संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. काम चालू आहे, पण यादी लांब आहे. आणि यादीत कोणता चित्रपट वर सरकतो हे बहुधा त्याची मागणी किती, यावर ठरते. आपण मागणी केली का? पुतळ्यासाठी निवेदने देतो, चौकाच्या नावासाठी मोर्चे काढतो. ‘पावनखिंड’च्या निगेटिव्हची प्रकृती कशी आहे, हे विचारणारे पत्र आपल्यापैकी किती जणांनी लिहिले? मीही लिहिले नव्हते. या भाषणाची तयारी करताना ते लिहिले.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आली नसेल. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९६४ चा ‘मराठा तितुका मेळवावा’ चित्रपट म्हणून २०२५ च्या १ जानेवारीपासून या हक्कातून मोकळा झाला. त्यातील काव्य-संगीताचे हक्क निराळे, ते वेगळे मोजावे लागतात. पण ‘छत्रपती शिवाजी’, ‘पावनखिंड’, ‘मोहित्यांची मंजुळा’ आधीच मोकळे झालेले. याचा अर्थ यापुढे कोणीही उठेल आणि जुन्या सीडीवरून उतरवलेली प्रत ‘फोर-के’ म्हणून विकेल किंवा महाजालावर टाकेल. एक लाख बिंदूंचे ताणून ऐंशी लाख केले तरी हरवलेली मशाल दिसत नाही. हक्क मोकळा झाला, निगेटिव्ह मात्र ज्याच्या कपाटात आहे त्याच्याच कपाटात आहे. ते कपाट कोरडे आणि थंड आहे का, हा खरा प्रश्न.

तबकड्यांची दुकाने तर केव्हाच बंद झाली. एकेकाळी चाळीस रुपयांच्या आत सीडी विकून बाजार हलवून सोडणारी कंपनीही २०१८ साली अवसायनात निघाली. तेव्हा घरातल्या तबकड्या भंगारात देण्यापूर्वी दोनदा विचार करा. वाईट तबकडीतही एखाद्या वेळी असा प्रसंग असतो जो दुसऱ्या प्रतीत नाही. मघाशी सांगितलेला मिनिटांचा हिशेब करा, वेष्टनावर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि संगणकावर एक प्रत उतरवून घ्या, कारण या तबकड्यांचे आयुष्य आपल्याला वाटते तेवढे नसते. माझ्याकडच्या काहींना आताच पिवळी झाक आली आहे.

त्या शिवजयंतीनंतर आठ दिवसांनी आम्ही तोच चित्रपट, तीच तबकडी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून पुन्हा लावला. मुले निम्मीच आली. त्या आजींना मी स्वतः बोलावून आणले. ‘कार्टून’ म्हणणारा मुलगा पुढे बसला होता. मध्यंतरात त्याने मला विचारले, “काका, एवढे घोडे त्यांनी आणले कुठून?”

भाषणापूर्वी एका सद्गृहस्थांनी मला सांगितले, की त्यांच्या वडिलांनी पूर्वी शाळांतून चित्रपट दाखवण्यासाठी घेतलेले १६ मिलिमीटरचे तीन डबे माळ्यावर आहेत आणि त्यांवर ‘शिवाजी’ एवढेच लिहिले आहे. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ते यंत्रावर चढवून पाहू नयेत. जुनी फीत आकसलेली असते, दातऱ्यांत अडकून फाटते. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला, तर फीत कुजू लागली आहे असे समजावे, झाकण सैल ठेवावे, इतर फितींपासून ते डबे दूर करावेत आणि कोथरूडचा रस्ता धरावा. सोबत कोणी हवे असेल तर मी येतो. सोमवारी सकाळी मला वेळ आहे.